लहान मुलांना घेऊन परदेशी चार-पाच दिवस: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

एवढ्याशा पोराला घेऊन परदेशी, तेही चार-पाच दिवसांसाठी? असं विचारणारे भेटतातच. जायला हरकत काहीच नाही, फक्त आखणी उलट्या बाजूने करावी लागते. एरवी आपण आधी ठिकाण ठरवतो आणि मग तिथे जायचं कसं ते बघतो. मूल लहान आणि सुट्टी मोजकी असेल तर आधी प्रवास ठरवायचा आणि त्यात बसेल ते ठिकाण निवडायचं. इथे 'लहान' म्हणजे साधारण सहा वर्षांपर्यंतची मुलं धरली आहेत.

पायरी १: तास मोजा

विमानाचे तास मोजू नका, घराच्या दारापासून तिथल्या खोलीच्या दारापर्यंतचे मोजा. विमानप्रवास चार तासांचा असला तरी विमानतळ गाठणं, तिथे दोन-तीन तास आधी पोचणं, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामानाची वाट आणि शहरात शिरणं धरलं की दहा तास सहज होतात. पाच दिवसांच्या सहलीत पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासाच्या खाती टाकून द्या. उरलेल्या तीन दिवसांसाठी मधे विमान बदलत जाणं मला तरी पटत नाही. थेट विमान थोडं महाग पडलं तरी घ्या आणि ते पैसे दुसरीकडे वाचवा.

दुसरा हिशोब घड्याळाचा. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने नव्या वेळेला जुळतं. म्हणजे सहा-सात तासांचा फरक असलेल्या ठिकाणी चार दिवस गेलात, तर मूल रुळेपर्यंत परतायची वेळ येते आणि घरी आल्यावर तीच कसरत उलट्या दिशेने. छोट्या सहलीसाठी दोन-तीन तासांचा फरक उत्तम, कारण तेवढ्यासाठी मुलाचं घड्याळ बदलायची गरजच नाही. त्याला घरच्या वेळेवरच राहू द्या.

इथे दिशेचा फरक पडतो. समजा मूल घरी आठला झोपतं आणि सातला उठतं. पूर्वेला दोन तास पुढे असलेल्या देशात गेलात तर तिथल्या घड्याळाने ते दहाला झोपेल आणि नऊला उठेल. संध्याकाळी फिरता येईल, बाहेर जेवता येईल, सकाळी आई-बाबांनाही जरा लोळता येईल. पश्चिमेला दोन तास मागे असलेल्या देशात तेच मूल संध्याकाळी सहाला डोळे चोळेल आणि पहाटे पाचला टक्क जागं होऊन तुमच्या अंगावर चढेल. तेव्हा बाहेर काही उघडलेलंही नसतं. मोठ्या अंतराच्या प्रवासात पूर्वेकडे जाणं जास्त जड जातं, हे खरं. पण दोन-तीन तासांच्या फरकात मुलांवाल्यांना पूर्वच सोयीची.

विमानाची वेळ निवडताना पोचण्याची वेळ बघा. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोन-तीनच्या पुढे मिळते. पहाटे पाचला उतरणारं स्वस्त विमान घेतलंत, तर पेंगुळलेलं मूल आणि बॅगा घेऊन आठ-नऊ तास लॉबीत काढावे लागतील. दुपारी पोचणारं विमान सगळ्यात बरं: खोलीवर जायचं, अंघोळ, खाणं, जवळच्या बागेत एक फेरी आणि झोप.

पायरी २: कागदपत्रं

हे काम लवकर हाती घ्या. मुलाचा पासपोर्ट स्वतंत्र लागतो, अगदी महिन्याच्या बाळाचासुद्धा. बऱ्याच देशांत मुलांचा पासपोर्ट मोठ्यांपेक्षा कमी मुदतीचा, अनेकदा पाच वर्षांचा असतो. त्यामुळे आपले पासपोर्ट चालू आहेत म्हणून निर्धास्त राहिलेल्या घरात नेमका मुलाचाच संपत आलेला निघतो. प्रवेशाच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी असा अनेक देशांचा नियम आहे. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा देशांचा गट) तिथून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा.

बाळाचा पासपोर्ट फोटो हे एक वेगळंच प्रकरण आहे. चेहरा सरळ, डोळे उघडे, तोंडात चोखणी नाही, फ्रेममध्ये खेळणं नाही आणि धरणाऱ्याचा हातही दिसता कामा नये. मान न धरणाऱ्या बाळाला हे स्टुडिओतल्या स्टुलावर जमणं कठीण. त्यापेक्षा दिवसा खिडकीजवळ गादीवर पांढरी चादर ताणून अंथरा, दूध पिऊन खुशीत असलेल्या बाळाला तिच्यावर उताणं ठेवा आणि वरून फोटो काढा. डोक्यामागे सावली पडत असेल तर गादी थोडी फिरवा. दुसऱ्या माणसाने कॅमेऱ्याच्या अगदी मागे खुळखुळा वाजवायचा; बाजूला वाजवला की नजर तिकडे वळते. फोटोचं माप आणि पार्श्वभूमीचा रंग देशागणिक बदलतो, ते आधी बघून घ्या.

व्हिसाचा अर्ज प्रत्येक मुलाचा वेगळा. शेंगेन व्हिसासाठी सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही आणि बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांनीही ऑनलाइन परवानगी तपासावी. अमेरिकेचा ईस्टा असो वा ब्रिटनचा ईटीए, तो तान्ह्या बाळालाही स्वतंत्र काढावा लागतो. सिंगापूरचं आगमनपत्र पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, तेही मुलांसकट सगळ्यांचं.

आई किंवा बाबा एकटेच मुलाला नेणार असतील, किंवा मूल आजी-आजोबांबरोबर जाणार असेल, तर न येणाऱ्या पालकांचं संमतिपत्र करून घ्या. प्रवासाच्या तारखा, मुलाचा पासपोर्ट क्रमांक, कोणाबरोबर जातंय ते आणि सही. जमलं तर नोटरीचा शिक्का. कॅनडासारख्या देशांत सीमेवरचे अधिकारी ते मागू शकतात. मुलाचं आणि तुमचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखल्याची प्रतही ठेवा. एरवी कोणी विचारत नाही. पण विचारलंच, तर रात्रीच्या वेळी काउंटरवर उभं राहून नातं सिद्ध करण्यापेक्षा एक कागद पुढे करणं सोपं.

पायरी ३: तिकीट

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून जाऊ शकतं. भाडं बऱ्याचदा मोठ्यांच्या सुमारे दहा टक्के असतं. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच मूल. दोन वर्षं पूर्ण झाली की पूर्ण आसन घ्यावंच लागतं. मुलाचा दुसरा वाढदिवस सहलीच्या मधे येत असेल तर परतीला त्याचं वेगळं आसन लागणार, हे लक्षात ठेवून तिकीट काढा. दीड वर्षाच्या पुढचं दणकट, चळवळं मूल चार तासांपेक्षा जास्त वेळ मांडीवर न्यायचं असेल तर परवडत असल्यास आसन घेतलेलंच बरं. मान्यताप्राप्त कार सीट विमानात बांधता येते आणि मूल त्यात जास्त सुरक्षित असतं.

तान्ह्या बाळासाठी भिंतीला अडकवायचा पाळणा पुढच्या ठरावीक रांगेतच बसतो आणि तेही मोजकेच असतात. तिकीट हातात पडल्या पडल्या फोन करून मागणी नोंदवा आणि वजनाची मर्यादा विचारा. सगळ्यांची आसनं एकत्र आहेत ना, हेही त्याच फोनवर.

मुक्कामाचं ठिकाण एकच ठेवा. तीन दिवसांत दोन शहरं हा मोठ्यांचा खेळ आहे. खोली निवडताना मी शहराच्या मध्यापेक्षा तीन गोष्टींना महत्त्व देईन: चालत जाता येईल अशी बाग, खोलीत छोटंसं स्वयंपाकघर किंवा निदान फ्रिज आणि किटली, आणि मूल झोपल्यावर मोठ्यांना दिवा लावून बसता येईल असा दुसरा कोपरा. हा कोपरा नसला की रात्री आठनंतर दोघांनी अंधारात मोबाइलचा उजेड झाकून कुजबुजत बसायचं.

रद्द करता येणारं बुकिंगच करा. मुलांना ताप आदल्या दिवशीच येतो, हा अनुभव घरोघरी सारखा. विमा घेताना प्रत्येक मुलाचं नाव त्यात आहे का, आजारपणामुळे सहल रद्द झाली तर पैसे मिळतात का आणि चोवीस तास लागणारा फोन नंबर कोणता, हे बघा. शेंगेन व्हिसासाठी विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं.

पायरी ४: डॉक्टर आणि औषधं

निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी मुलाच्या डॉक्टरांना भेटा. काही लसींना परिणाम दाखवायला वेळ लागतो. गोवराची लस एरवी उशिरा देत असले तरी परदेश प्रवास असेल तर सहा ते अकरा महिन्यांच्या बाळालाही एक जादा मात्रा द्यायचा सल्ला डॉक्टर देऊ शकतात. काही देशांत पीतज्वराच्या (यलो फिव्हर) लसीचं प्रमाणपत्र लागतं. ही लस साधारणपणे नऊ महिन्यांपुढच्या मुलांना देतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

औषधांची पिशवी छोटी ठेवा: तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, मोजमापाची सिरिंज, बँडेज, खाजेवरचं मलम आणि मुलाचं नेहमीचं औषध मूळ पाकिटात, चिठ्ठीसह. तापाचं औषध घरूनच न्या. पॅरासिटामॉलचं सिरप सगळीकडे एकाच तीव्रतेचं नसतं. ब्रिटनमध्ये लहान मुलांसाठीच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम औषध असतं, अमेरिकेत १६० आणि तिथे त्याचं नावही अ‍ॅसिटामिनोफेन. घरच्यासारखं एक चमचा म्हणून पाजायला जाल तर मात्रा चुकते. निघण्याआधी मुलाचं वजन करा आणि त्यानुसार डॉक्टरांकडून मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. मग बाटली कुठलीही असली तरी हिशोब करता येतो.

जुलाब लागले तर ओआरएस. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितकंच घालायचं, अंदाजाने नाही. केलेलं द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, त्यापुढच्यांना १०० ते २०० मिली, घोट घोट किंवा चमच्याने. मूल मलूल पडलं, लघवी होईनाशी झाली किंवा शीतून रक्त गेलं तर वाट न बघता डॉक्टर.

स्वतःच्या औषधांचाही विचार करा. सर्दीच्या साध्या गोळ्यांत असणारं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये नेता येत नाही. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाला संयुक्त अरब अमिरातीत आधी परवानगी लागते. जाणार त्या देशाचा नियम वाचूनच पिशवी भरा.

खाण्याचंही तसंच. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. मात्र बाळाची दुधाची पावडर आणि बाळाचं खाणं दोन किलोपर्यंत चालतं, पाकीट ब्रँडचं हवं आणि उघडण्याआधी फ्रिजची गरज नसणारं हवं. ऑस्ट्रेलियात सोबतचं खाणं जाहीर करावंच लागतं; शंका असेल तर जाहीर करून मोकळं व्हावं. सिंगापूरला जाताना मुलांच्या खिशातलं च्युइंग गम काढून ठेवा, तिथे ते आणायला बंदी आहे.

पायरी ५: हातातली बॅग

मोठी बॅग कशीही भरा, विसरलेलं तिथे विकत मिळतं. खरी परीक्षा हातातल्या बॅगेची. डायपरचा माझा हिशोब सोपा आहे: प्रवासाच्या दर दोन तासांना एक आणि वर चार, कारण विमानं उशिरा सुटतात. मुलाचे कपड्यांचे दोन जोड तर सगळेच घेतात. स्वतःसाठी एक टी-शर्ट मात्र कोणी घेत नाही आणि उलटी नेमकी आपल्याच अंगावर होते. प्रत्येक जोड वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा. कोरडे कपडे काढले की ओले त्याच पिशवीत जातात आणि बॅगभर वास पसरत नाही.

द्रव पदार्थांना अनेक विमानतळांवर अजून १०० मिलीची मर्यादा आहे, पण बाळाचं दूध, पाणी आणि पातळ खाणं प्रवासापुरतं त्याहून जास्त नेऊ देतात. ते वेगळं काढून ठेवा आणि तपासणीआधीच सांगा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, मोठ्या सामानात चालत नाही. साधारणपणे १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप) परवानगी असते, २०,००० एमएएचची नेहमीची बँक सुमारे ७४ वॉट-अवर भरते. बाटली गरम करायचं यंत्र नेणार असाल तर त्यावर '१००–२४० व्होल्ट' लिहिलंय का ते बघा. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची असते, तिथे फक्त २२० व्होल्टवर चालणारं यंत्र पाणी नीट गरम करणार नाही.

खेळणी थोडी, आवाज न करणारी आणि न घरंगळणारी. गोल रंगीत खडू सीटखाली गेला की सहल संपेपर्यंत त्याचंच रडगाणं. स्टिकरची वही, चिकटपट्टीचा एक रोल आणि मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवलेल्या दोन-चार गोष्टी पुष्कळ झाल्या. स्क्रीनचे घरचे नियम विमानात सैल सोडले तर काही बिघडत नाही.

विमान उतरू लागलं की कान दुखतात. लहान मुलांच्या कानातून घशाकडे जाणारी नळी अरुंद असते, त्यामुळे बदलता दाब लवकर सारखा होत नाही. उतरायच्या अर्धा तास आधीपासून बाळाला पाजा किंवा चोखणी द्या, मोठ्या मुलाला पाणी घोट घोट. खाऊ शिल्लक ठेवायचा तो या वेळेसाठी. कान वाहत असेल किंवा सर्दीने नाक पूर्ण बंद असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पायरी ६: तिथे पोचल्यावर

खोलीत शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी एकदा गुडघ्यांवर बसून मुलाच्या उंचीवरून खोली बघा. किटलीची लोंबणारी वायर, बाल्कनीत कठड्याला लागून ठेवलेली खुर्ची, सहज उघडणारी खिडकी, कडी आतून लागणारं न्हाणीघर. खुर्ची आत आणा, किटली उंचावर ठेवा, बाल्कनीचं दार लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

दिवसाला एकच ठरवलेली गोष्ट, तीही सकाळी. मत्स्यालय, संग्रहालय, बोट, जे काही असेल ते. दुपारी खोलीवर परत, निदान दोन तास. संध्याकाळ मोकळी, म्हणजे बाग, पाण्याचा काठ किंवा घसरगुंडी. मुलांना परदेशातली घसरगुंडीसुद्धा परदेशच वाटतो, तेव्हा 'हे तर घरीही होतं' म्हणून नाराज होऊ नका. मोजक्या दिवसांत बंद दार नशिबी यायला नको म्हणून सुट्टीचा वार आधीच बघा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

बाबागाडी हलकी, एका हाताने मिटणारी हवी. मेट्रोला लिफ्ट असेलच असं धरून चालू नका. पॅरिसच्या जुन्या मेट्रो स्थानकांत बहुतेक ठिकाणी जिनेच आहेत, तिथे बस बरी. टॅक्सीत मुलांच्या सीटचे नियम देशागणिक वेगळे आहेत, पण नियम काहीही असो, मुलाला मांडीवर घेऊन एकाच पट्ट्यात दोघांना बांधू नका. विमानतळावरून जाणारी गाडी आधी ठरवताना सीट मागून घ्या.

मूल गर्दीत हरवण्याची भीती सगळ्यांनाच असते, त्यावर थोडी तयारी हाच उपाय. रोज सकाळी खोलीतून निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढा. गडबडलेल्या माणसाला शर्टाचा रंगही आठवत नाही. फोन नंबर देशाच्या कोडसह मनगटाच्या पट्टीवर किंवा कपड्याच्या आतल्या बाजूला लिहा. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका. तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला एकच वाक्य पाठ करून घ्या: "आई-बाबा दिसले नाहीत तर जिथे आहेस तिथेच थांब आणि जोरात हाक मार." शोधायचं काम आपलं. तातडीचा नंबर पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये साठवा: युरोपीय संघात ११२, अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११९.

उन्हाबद्दल एवढंच की सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे. पाण्याजवळ मात्र एका मोठ्या माणसाची नजर सतत मुलावर, हाताच्या अंतरावर; पाळी ठरवून घ्या, "मला वाटलं तू बघतेयस" असं व्हायला नको.

पायरी ७: परत येताना

शेवटच्या दिवशी काहीही ठरवू नका. सामान आवरायला मुलांसह दुप्पट वेळ लागतो आणि आवडता बाहुला चादरीच्या घडीत राहतो, म्हणून निघण्याआधी अंथरूण झटकून बघा. परतल्यावर शाळा किंवा कामाच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा. कपडे धुवायचे असतात आणि झोप भरून काढायची असते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मुलाला ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता कुठल्या देशात, कोणत्या तारखांना होतो ते आपणहून सांगा. हिवताप पसरलेल्या भागातून आला असाल तर त्याच दिवशी दाखवा.